विनोदामागचे घर : 'फादर टेड'च्या शोधात क्लेअर काउंटीत

यात्रेला जावे ते वेळांकणीला, वांद्र्याच्या मोतमाउलीला, किंवा ईश्वरकृपेने योग आलाच तर लूर्द-फातिमाला, अशी आपल्या ख्रिस्ती कुटुंबांची रीत आहे. दूरचित्रवाणीवरील एखाद्या विनोदी मालिकेचे चित्रीकरण जेथे झाले ती स्थळे पाहावयास हजारो मैलांवरून माणसे जातात, हे ऐकून आपल्यातील वडीलधारी मंडळी स्मित करतील. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर काउंटीत मात्र आजही असे प्रवासी येतात, आणि ते शोधीत असतात ते एका धर्मगुरुनिवासाला. गमतीची गोष्ट अशी, की त्या घरात धर्मगुरूंचा निवास असल्याचे केवळ मालिकेत दाखविले गेले. प्रत्यक्षात ते एका शेतकऱ्याचे घर आहे. या घराच्या निमित्ताने आम्ही क्लेअरच्या त्या वाटा धुंडाळल्या. विनोदाची स्थळे पाहावयास निघालो आणि एका श्रद्धावंत समाजाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासातून चालत राहिलो. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम मालिकेविषयी थोडेसे. 'फादर टेड' ही मालिका ब्रिटनच्या 'चॅनल फोर' या वाहिनीवर २१ एप्रिल १९९५ रोजी सुरू झाली आणि १ मे १९९८ रोजी तिचा शेवटचा भाग दाखविण्यात आला. तीन पर्वे आणि नाताळचा एक विशेष भाग मिळून अवघे २५ भाग. वाहिनी ब्रिटिश असली, तरी ग्रॅहम लिनेहन आणि आर्थर मॅथ्यूज हे दोघे लेखक आयरिश, आणि प्रमुख कलावंतही आयरिशच. 'क्रॅगी आयलंड' नावाच्या काल्पनिक बेटावर तीन धर्मगुरू एका घरात राहतात. फादर टेड क्रिली यांच्यावर एका मुलाच्या लूर्दयात्रेसाठी जमलेला पैसा स्वतःकडे वळविल्याचा ठपका आहे. तरुण फादर डूगल इतके भाबडे, की धर्मशिक्षणातील साधे प्रश्नही त्यांना गोंधळात टाकतात. वृद्ध फादर जॅक मद्याच्या अंमलाखाली खुर्चीत पडून असतात. घर सांभाळणाऱ्या मिसेस डॉयल येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाचा इतका आग्रह करतात, की पाहुण्याने हात टेकावेत. या तिघांना त्या बेटावर पाठविणारे बिशप अधूनमधून येऊन दरडावून जातात. म्हणजे बेट हे शिक्षेचे ठिकाण आहे. धर्मप्रांताला ज्यांची लाज वाटते, त्यांना जेथे दृष्टीआड ठेवावयाचे असे ते स्थळ. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची आठवण करून द्यावी लागेल.

मालिकेतील घराच्या आतील प्रसंग लंडनच्या स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रित झाले. घराबाहेरची दृश्ये मात्र प्रामुख्याने क्लेअर काउंटीत घेण्यात आली. क्लेअरचे मुख्य गाव एनिस. तेथे मालिकेची खूण शोधण्याचे कारण नाही. परंतु मालिका समजून घ्यावयाची तर आरंभ येथूनच करावा, असे आम्हांस वाटते. एनिसच्या मध्यवर्ती चौकात उंच स्तंभावर डॅनियल ओकॉनेल यांचा पुतळा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून आयर्लंडमधील कॅथलिकांवर कठोर दंडकायदे लादले गेले होते. जमीन, शिक्षण, सरकारी नोकरी, संसद अशी अनेक दारे त्यांना बंद होती. बिशपांना देशाबाहेर घालविण्यात आले, धर्मगुरूंवर पाळत ठेवण्यात आली. रानातल्या एखाद्या सपाट खडकाला वेदी मानून, टेकडीवर पहारा ठेवून मिस्सा साजरी होत असे. असे 'मिस्साखडक' आयर्लंडच्या खेडोपाडी आजही दाखविले जातात. त्या काळात धर्मगुरूला घर नव्हते. लोकांचे घर तेच त्याचे घर होते.

पुढे कायदे हळूहळू सैल झाले, तरी कॅथलिक माणसाला संसदेत बसण्याची मुभा नव्हती. कारण त्यासाठी घ्यावयाची शपथच कॅथलिक श्रद्धेच्या विरोधात होती. १८२८ च्या जुलै महिन्यात क्लेअरमध्ये पोटनिवडणूक झाली आणि कॅथलिक असलेले ओकॉनेल उमेदवार म्हणून उभे राहिले. मतदान उघड होते आणि कुळे जमीनदाराच्या मर्जीत. तरीही धर्मगुरू आपापल्या धर्मग्रामातील कुळांना बरोबर घेऊन, रांगा करून एनिसला चालत आले. ओकॉनेल यांना २,०५७ मते पडली, प्रतिस्पर्ध्याला ९८२. पुढील वर्षी, १८२९ मध्ये, ब्रिटिश संसदेस कॅथलिकांच्या मुक्ततेचा कायदा करावा लागला. त्याची किंमतही चुकवावी लागली. चाळीस शिलिंगांच्या जमिनीवर मताचा हक्क मिळविलेल्या ज्या गरीब कुळांनी हा विजय मिळवून दिला, त्यांचाच हक्क काढून घेऊन मर्यादा दहा पौंडांवर नेण्यात आली.

आयर्लंडमध्ये धर्मगुरूंना जे स्थान लाभले त्याचे मूळ अशा प्रसंगांत आहे. ते स्थान कोणी वरून लादलेले नव्हते. संकटात सोबत राहिल्याबद्दल लोकांनी कृतज्ञतेने दिलेले होते. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात लाखो माणसे मेली, लाखो परदेशी गेली. त्यानंतर, १८५० च्या थर्ल्स येथील धर्मसभेपासून, आर्चबिशप पॉल कलन यांच्या नेतृत्वाखाली ख्रिस्तसभेची नव्याने बांधणी झाली. गावोगाव भव्य चर्चेस उभी राहिली आणि शेजारी धर्मगुरुनिवास आले. गावची शाळा धर्मगुरूंच्या व्यवस्थापनाखाली आली. कोणाला नोकरी द्यावी, कोणते पुस्तक वाचू नये, कोणता चित्रपट पाहू नये, हेही त्या घरातून ठरू लागले. १९७० च्या दशकाच्या आरंभी आयर्लंडमधील दहांपैकी नऊ कॅथलिक दर रविवारी मिस्सेला जात. ज्याला एके काळी घर नव्हते, त्याचे घर आता गावातील सर्वांत वजनदार घर झाले होते. कृतज्ञतेतून मिळालेला मान हक्क कधी झाला, हे मान देणाऱ्यांच्याही लक्षात आले नाही आणि घेणाऱ्यांच्याही.

एनिसहून उत्तरेस कोरोफिन गाव ओलांडले की किलिनाबॉय लागते. येथून 'बरेन' नावाचा विलक्षण प्रदेश सुरू होतो. मैलोगणती पसरलेले करड्या चुनखडीचे उघडे कातळ, त्यांच्या फटींतून उगवणारी नाजूक रानफुले, आणि शेतांच्या कडेने चुन्यावाचून रचलेल्या दगडी भिंती. किलिनाबॉय या नावाचा आयरिश भाषेतील अर्थ 'बीथच्या कन्येचे चर्च' असा आहे. एका संत स्त्रीची स्मृती गावाच्या नावात आजही आहे. जुन्या चर्चच्या आता केवळ भिंती उरल्या आहेत. तिच्या पश्चिमेकडील भिंतीच्या दर्शनी भागावर दगडांच्या रचनेतच दोन आडव्या भुजांचा क्रूस घडविलेला दिसतो. घर पाहावयास घाईने जाणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोडे येथे थांबतात. आम्ही थांबलो, आणि क्षणभर प्रार्थना करून पुढे निघालो.

किलिनाबॉयच्या पुढे अरुंद रस्त्याने ग्लॅनक्विनचे ते घर येते. उघड्या माळावर एकाकी उभे असलेले, भोवती ना झाड ना शेजार. मालिका पाहिलेल्या माणसास ते पाहताक्षणी हसू फुटते. ज्याने मालिका पाहिलेली नाही, त्याला मात्र त्या घराचे एकाकीपणच जाणवेल. हे खाजगी घर आहे. तेथे राहणाऱ्या कुटुंबाने आधी कळवून येणाऱ्या पाहुण्यांना अनेक वर्षे चहा आणि घरचे खाणे देऊन प्रेमाने वागविले. मिसेस डॉयल यांच्या चहाचा आग्रह ज्यांनी पडद्यावर पाहिला, त्यांना त्या घरात खराखुरा चहा मिळावा, यातील गोडवा सांगण्याची आवश्यकता नाही. बोलावणे नसेल तर रस्त्यावरूनच पाहून परत फिरावे, एवढी सभ्यता प्रत्येक प्रवाशाने पाळावी.

त्या घराकडे पाहताना आमच्या मनात आले, की चित्रीकरणासाठी असे घर का निवडले गेले असावे? आयर्लंडमधील खरा धर्मगुरुनिवास सहसा चर्चला लागून, गावाच्या मध्यावर असतो. येथे चर्चही नाही आणि गावही नाही. मालिकेच्या जगात धर्मगुरूंचे घर लोकांपासून तुटलेले आहे. तेथे चहा आहे, भांडणे आहेत, बिशपांची भीती आहे, पुरस्कारांची हाव आहे. लोक फक्त अधूनमधून दारात येतात. एनिसला कुळांच्या पुढे चालणारा धर्मगुरू आणि माळावरच्या घरात अडकून पडलेला धर्मगुरू, या दोन चित्रांमध्ये १६७ वर्षांचे अंतर आहे. लेखकांना हा इतिहास सांगावयाचा होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांना हसवावयाचे होते. पण प्रेक्षक हसले ते उगीच नव्हे.

ग्लॅनक्विनच्या पश्चिमेस किल्फेनोरा हे लहानसे गाव आहे. या गावातही मालिकेतील काही प्रसंग चित्रित झाले. कॅथलिक वाचकांस या गावाचे महत्त्व निराळ्या कारणाने वाटावे. बाराव्या शतकापासून येथे बिशपांचे पीठ होते. संत फाक्टनान यांच्या नावाचे जुने कॅथीड्रल आणि त्याच्या परिसरातील कोरीव पाषाणक्रूस पाहावयास आजही अभ्यासक येतात. त्यांतील 'डॉर्टी क्रूस' नावाच्या बाराव्या शतकातील क्रूसावर आशीर्वाद देणारा, हाती मेंढपाळाचा दंड घेतलेला बिशप कोरलेला आहे. धर्मप्रांत अगदी चिमुकला आणि गरीब. १८८३ साली पोप तेराव्या लिओ यांनी त्याची व्यवस्था अशी लावली, की गॉलवेचे बिशप हे किल्फेनोराचे प्रेषितीय प्रशासक राहतील. यावरून 'आमचे बिशप म्हणजे साक्षात पोप!' असे किल्फेनोराचे लोक थट्टेने म्हणत आले. मालिका लिहिली जाण्याच्या फार पूर्वीपासून या भागातील श्रद्धावंतांना आपल्या ख्रिस्तसभेविषयी प्रेमाने विनोद करता येत होता, हे यावरून दिसते.

या गावाचा आणखी एक संदर्भ सुखद नाही. १९७६ पासून गॉलवेचे बिशप, आणि म्हणून किल्फेनोराचे प्रशासक असलेले बिशप एमन केसी यांनी १९९२ च्या मे महिन्यात पदत्याग केला. त्यांना एक पुत्र असल्याचे उघड झाले होते. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल गॉलवेला आले, तेव्हा तरुणांच्या त्या विराट मेळाव्यात याच बिशपांनी उत्साहाने पुढाकार घेतला होता. १९९४ मध्ये ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूने अनेक वर्षे बालकांवर केलेल्या अत्याचारांचे प्रकरण उजेडात आले आणि त्याच्या हाताळणीवरून आयर्लंडचे सरकारच कोसळले. पुढच्याच वर्षी 'फादर टेड' पडद्यावर आली. घायाळ झालेल्या समाजासमोर ही मालिका आली, हे विसरून तिच्याविषयी मत बनविणे योग्य होणार नाही.

येथे वाचकांना मघाची गोष्ट आठवावी. मालिकेचा पाया कोणता? चुकलेल्या धर्मगुरूला दूर कोठेतरी बदलून टाकावयाचे आणि प्रकरण झाकावयाचे, हा. १९९५ साली लोक यावर पोट धरून हसले. २००५ मध्ये फर्न्स धर्मप्रांताविषयीचा आणि २००९ मध्ये डब्लिन महाधर्मप्रांताविषयीचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. डब्लिनच्या अहवालाने स्पष्ट नोंदविले, की बालकांच्या सुरक्षिततेपेक्षा गुप्तता, बदनामी टाळणे आणि संस्थेचे नाव जपणे यांना अधिक महत्त्व दिले गेले. तक्रार आलेल्या धर्मगुरूंच्या एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात बदल्या झाल्या. विनोदाने जे सहज म्हटले होते ते न्यायाधीशांना शेकडो पानांत सिद्ध करावे लागले. मालिकेने त्या भयंकर अपराधांना हात घातला नाही. तिचे लक्ष्य होते पोकळ मोठेपणा, आळस, हाव आणि वरिष्ठांची धास्ती. पण 'झाकून ठेवणे' ही सवय लोकांना ठाऊक होती. ठाऊक होती, म्हणूनच तिच्यावर हसू आले. मग बोलता का आले नाही? आमच्या मते या साऱ्या प्रवासातील खरा प्रश्न हाच आहे.

उत्तर कठीण नाही. त्या समाजात धर्मगुरूंविषयी मोठ्याने काही बोलणे हेच पाप मानले जाई. चुलीपाशी कुजबूज होई, दारात शांतता असे. ज्या घरात वडिलांची थट्टा करता येत नाही, त्या घरात वडिलांविषयीचे गाऱ्हाणेही मांडता येत नाही. मुलाने धाडस करून काही सांगितले, तर 'फादरांविषयी असे बोलतोस?' म्हणून त्याचेच तोंड बंद केले जाते. अनादर होऊ नये म्हणून राखलेले मौन शेवटी दुर्बळांच्या जिवावर उठते. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमधील ६९ टक्के लोकांनी स्वतःस कॅथलिक म्हणून नोंदविले. त्यांच्यातही नियमाने मिस्सेला जाणारे पूर्वीच्या मानाने फारच थोडे उरले आहेत. ही घसरण विनोदाने झाली, असे म्हणणारे आपल्याकडेही भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. विनोद उशिरा आला. जखम आधीची होती.

क्लेअरच्या किनाऱ्यावरील डूलिन गावातून बोटीने इनिशीर बेटावर जाता येते. मालिकेच्या आरंभी आकाशातून दिसणारे बेट ते हेच. मोजक्या शेकड्यांची आयरिश भाषा बोलणारी वस्ती, दगडी कुंपणांचे जाळे, आणि किनाऱ्याच्या खडकांवर गंजत पडलेले एक जहाज. या जहाजाचे नाव ऐकून भारतीय माणूस चमकतो : 'प्लासी'! लिमरिकच्या एका कंपनीचे हे मालवाहू जहाज. बंगालच्या लढाईनंतर १७६२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्ह यांना जो सरदारकीचा किताब मिळाला, तो 'क्लेअर काउंटीतील प्लासी'च्या नावाने होता. आपल्या इतिहासातील ते नाव अशा रीतीने या किनाऱ्यावर येऊन रुजले. १९६० च्या मार्च महिन्यात वादळात हे जहाज खडकावर आदळले. बेटावरील लोकांनी किनाऱ्यावरून दोर टाकून जहाजावरील अकराही जणांचे प्राण वाचविले. मालिकेतील बेटावर सारेच विक्षिप्त. खऱ्या बेटावरची माणसे अशी.

त्याच बेटावर संत कीव्हॉन यांचे प्राचीन चर्च आहे. वाऱ्याने उडणारी वाळू त्यावर सतत साचत राहते आणि आता ते जवळजवळ जमिनीच्या पोटात गेले आहे. दर वर्षी १४ जूनला संतांच्या सणाच्या निमित्ताने बेटावरील लोक फावडी घेऊन जमतात, वाळू उपसतात आणि जागा मोकळी करतात. वाळू येणारच हे त्यांना माहीत आहे. म्हणून कोणी वाऱ्याला दोष देत बसत नाही, आणि वाळू साचलीच नाही असेही म्हणत नाही. ख्रिस्तसभेच्या सेवेतील कोणालाही यापासून पुष्कळ शिकता येईल.

फादर टेडची भूमिका करणारे डर्मट मॉर्गन हे पूर्वी शिक्षक होते. शेवटच्या भागाचे चित्रीकरण संपले आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९९८ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ते स्वतः श्रद्धावंत नव्हते. तरीही डब्लिनच्या माउंट मेरियन भागातील संत तेरेजा यांच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी अंत्यविधीची मिस्सा झाली. राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअलीस आल्या होत्या. ज्यांची मॉर्गन यांनी आयुष्यभर टर उडविली त्या राजकारणातील आणि ख्रिस्तसभेतील व्यक्तीही आल्या होत्या. ज्याने हसविले त्याला वेदीसमोर निरोप देण्याचे औदार्य त्या जखमी ख्रिस्तसभेने दाखविले, याची नोंद करावयास हवी.

१४ जून २०२४ रोजी, म्हणजे इनिशीरच्या त्या सणाच्याच दिवशी, पोप फ्रान्सिस यांनी जगभरातील शंभरांहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलाविले. त्यांत आयर्लंडचे कलावंतही होते आणि फादर डूगलची भूमिका करणारे आर्डल ओहॅनलन हेही त्यांतले एक. आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांची थट्टा करतो, तशी देवाशीही थट्टा करता येते; मात्र श्रद्धावंतांच्या, विशेषतः गरिबांच्या, भावना दुखवू नयेत, अशा आशयाचे विचार पोप महाशयांनी त्या वेळी मांडले. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस प्रभूच्या घरी गेले. मालिका सुरू झाली त्याला त्या दिवशी बरोबर ३० वर्षे पूर्ण होत होती.

आपल्या धर्मग्रामांतही लग्नाच्या मांडवात कोणीतरी प्रमुख धर्मगुरूंची नक्कल करतो, आणि ते स्वतः समोर बसून सर्वांत मोठ्याने हसतात. असे धर्मगुरू ज्या धर्मग्रामाला लाभले त्याने देवाचे आभार मानावेत. त्या हसण्यात अनादर नसतो. 'तुम्ही आमचेच आहात' ही ग्वाही असते. पण तेवढ्यावर थांबू नये. ज्या दारी विनोद घेऊन जाता येते त्याच दारी एखाद्या आईला, एखाद्या लेकराला आपले गाऱ्हाणेही निर्भयपणे घेऊन जाता यावे, आणि दार उघडले जावे. क्लेअरच्या माळावरील त्या एकाकी घराने आम्हांस एवढे शिकविले, की धर्मगुरूंचे घर लोकांच्या वस्तीतच असावे. नुसते विटामातीने नव्हे, तर मनानेही.